पहिली गाडी घेताय? आधी इंजिन, मग टायर

अभिनंदन! सनरूफ आणि टचस्क्रीनची चर्चा जरा बाजूला ठेवा. आधी सांगा, महिन्याला गाडी किती चालणार आणि कुठे?

रोजचं ऑफिस, मुलांची शाळा, पुण्यातला ट्रॅफिक एवढंच असेल तर साधं पेट्रोल घ्या. नवखे इथेच चुकतात, मायलेजला भुलून डिझेल घेतात. २०२० पासूनच्या बीएस-६ (धुराच्या प्रदूषणाचा सरकारी निकष) डिझेल गाड्यांत काजळी अडवणारा फिल्टर असतो. ती काजळी जळायला गाडी काही वेळ सलग वेगात पळावी लागते. नुसती सिग्नल ते सिग्नल चालवलीत तर फिल्टर तुंबतो, डॅशबोर्डवर दिवा लागतो आणि सर्व्हिस सेंटरच्या फेऱ्या सुरू! दर आठवड्याला हायवे गाठणाऱ्यांनी मात्र डिझेल जरूर बघावं. सीएनजी स्वस्त पडतो, पण पंपावरची रांग आणि डिकीतली टाकी आधी बघून या. टेस्ट ड्राइव्ह चौघांना बसवून, एसी लावून, चढावर घ्या.

टायरचं थोडक्यात:

- गाडीबरोबर येणारे टायर बहुधा मायलेज आणि आराम बघून निवडलेले असतात. शोरूममधून निघताच बदलायची घाई नको.
- कडेवरचे चार अंक वाचा. २३२५ म्हणजे २०२५चा २३वा आठवडा. फार जुने निघाले तर डिलिव्हरीआधीच बोला.
- टॉप मॉडेलची मोठी अलॉय चाकं दिसतात झकास, पण त्यांवर टायरची कड बुटकी असते. खड्ड्यात रिम लवकर वाकते, बदली टायरही महाग.

रुंद टायर, हवेऐवजी नायट्रोजन भरणं वगैरे पहिला सेट झिजल्यावर बोलू. तोवर हवा टायर थंड असतानाच तपासा. आकडा बहुतेक गाड्यांत ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर असतो.