एक्झॉस्ट ब्रेकचा दिवा लागतो, पण ब्रेक कधी धरतो, कधी नाही. वायरिंगमधला दोष कसा शोधायचा?

मेकॅनिक सोलेनॉइड (करंट मिळाला की ब्रेकसाठी हवा सोडणारा विजेचा व्हॉल्व्ह) बदलायला सांगतोय असं तुम्ही लिहिलंय. इतक्यात बदलू नका. त्याच्या आतली कॉइल पूर्ण जळली असती तर ब्रेक कायमचाच बंद पडला असता. अधूनमधून चालणारा ब्रेक बहुतेक वेळा सैल कनेक्टर, गंजलेला अर्थ (चेसिसला जोडलेली परतीची वायर) किंवा पेडलजवळचा स्विच यांपैकी कशाने तरी अडलेला असतो. आणि डॅशबोर्डवरच्या त्या दिव्यावर विसंबू नका. बऱ्याच गाड्यांत तो फक्त स्विच चालू आहे एवढंच सांगतो. सोलेनॉइडपर्यंत करंट पोचला की नाही, हे त्याच्यावरून कळत नाही.

तुमची गाडी 24 व्होल्टची, ब्रेक हवेवर चालणारा आणि सर्किट साधं आहे असं धरून लिहितोय. अशा गाडीत करंट फ्यूजमधून डॅशच्या स्विचला, तिथून क्लचच्या आणि अ‍ॅक्सिलरेटरच्या स्विचमधून रिलेला (छोट्या करंटवर चालणारा विजेचा स्विच) आणि रिलेकडून सोलेनॉइडला जातो. क्रम गाडीगणिक थोडा बदलतो. दोन्ही पेडलवरून पाय काढलेला असेल तरच हे दोन स्विच जोडलेले राहतात. सोलेनॉइडला करंट मिळाला की तो हवा सोडतो, हवेच्या सिलिंडरने एक्झॉस्ट पाइपमधला बटरफ्लाय व्हॉल्व्ह मिटतो आणि धूर अडल्यामुळे इंजिन गाडीला मागे ओढतं.

म्हणून आधी दोष खरंच इलेक्ट्रिकल आहे का ते बघा. चाकांना ओट (गाडी घरंगळू नये म्हणून ठोकळे) लावा, हवेची टाकी पूर्ण भरू द्या, इंजिन बंद करून इग्निशन चालू करा, ब्रेकचा स्विच टाका आणि पाय पेडलवरून काढा. दुसऱ्या माणसाला सोलेनॉइडजवळ कान द्यायला सांगा. बोटं मात्र व्हॉल्व्हच्या लिव्हरपासून लांब. ‘टक्’ आवाज आला, हवा सुटली, पण लिव्हर हलला नाही, तर व्हॉल्व्ह काजळीने जाम झालाय किंवा सिलिंडर गेलाय. मग मल्टिमीटर बाहेर काढायची गरजच नाही. ‘टक्’ आलाच नाही तर पुढे वाचा. (काही गाड्यांत इंजिन ठरावीक फेऱ्यांवर असल्याशिवाय सोलेनॉइडला करंट जातच नाही. तिथे ही चाचणी लागू नाही.)

आता सगळ्यात महत्त्वाचं मोजमाप, आणि हेच बहुतेक जण चुकीच्या पद्धतीने करतात: कनेक्टर काढून मोकळ्या पिनवर मीटर लावतात, 24 व्होल्ट दिसले की ‘सप्लाय ठीक आहे, सोलेनॉइड गेला’ म्हणून मोकळे होतात. मीटर जवळजवळ काहीच करंट ओढत नाही, त्यामुळे वायरचा एकच तंतू शिल्लक असला तरी पूर्ण व्होल्टेज दिसतं. कनेक्टर जोडलेलाच ठेवा, मागच्या बाजूने प्रोब घाला आणि सर्किट चालू असताना दोन गोष्टी मोजा. सोलेनॉइडच्या सप्लायच्या पिनपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत जवळजवळ बॅटरीइतकं व्होल्टेज हवं. अर्धा व्होल्ट कमी आलं तर चालतं. मग सोलेनॉइडच्या अर्थच्या पिनपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत. इथे 0.2 व्होल्टच्या आत यायला हवं.

समजा कॉइल 15 वॅटची आहे. म्हणजे तिचा रेझिस्टन्स साधारण 38 ओहम. अर्थच्या गंजलेल्या बोल्टमुळे मध्ये 20 ओहम आले, तर कॉइलला 24 ऐवजी जेमतेम 16 व्होल्ट मिळतात आणि उरलेले 8 अर्थच्या वायरवर दिसतात. एवढ्यात सोलेनॉइड कधी खेचतो, कधी नाही. म्हणजे नेमकं तुमचं दुखणं. बोल्ट सोडा, टर्मिनल आणि चेसिस घासून चकचकीत करा, परत आवळा.

अर्थ ठीक आणि सप्लायच येत नाही, तर रिलेपाशी जा. तिथे सर्किट मधोमध दुभागतं. इग्निशन, ब्रेकचा स्विच आणि पेडल सगळं जागेवर असताना रिलेच्या 85 आणि 86 या पिनांमध्ये (रिलेची कॉइल) व्होल्टेज आहे, 30 वरही (येणारा सप्लाय) आहे, पण 87 वर (सोलेनॉइडकडे जाणारी पिन) नाही, तर रिले गेला. 85–86 मध्येच काही नसेल तर दोष मागे आहे, आणि माझा पहिला संशय क्लचच्या स्विचवर. पेडल पूर्ण वर येत नाही, जाड मॅट मध्ये येतं, स्विचचं ब्रॅकेट सरकतं. मीटर लावून ठेवा आणि पेडल हाताने वर उचला. व्होल्टेज आलं तर फक्त अ‍ॅडजस्टमेंट करायचीय. खात्रीसाठी स्विचच्या दोन वायरी क्षणभर जोडून बघता येतात, पण तशी गाडी चालवू नका. क्लच दाबल्यावरही ब्रेक लागलेला राहील आणि इंजिन बंद पडेल.

उभ्या गाडीत सगळं ठीक दिसलं तर मीटर जोडलेला ठेवून वायरिंग हलवत जा. केबिन उचलताना जिथे हार्नेस (वायरींचा जुडगा) वाकतो ती जागा आणि एक्झॉस्टजवळून जाणारा भाग आधी बघा. कनेक्टरच्या पिनवर हिरवट थर असेल तर स्प्रे मारून भागत नाही, पिन बदला. गरम झाल्यावरच बंद पडत असेल, तर बंद पडल्या पडल्या कनेक्टर काढून कॉइलचा रेझिस्टन्स मोजा. कॉइल थंड असताना 38 ओहमच्या आसपास आणि गरम असताना अनंत आला, तर मेकॅनिकचंच बरोबर.

फ्यूज वारंवार उडत असेल तर त्याच्या जागी 24 व्होल्ट 21 वॅटचा बल्ब जोडा. लख्ख पेटला तर शॉर्ट आहे. एकेक कनेक्टर काढत जा, जिथे मंदावेल किंवा विझेल तिथे दोष. कॉइलला समांतर डायोड असेल तर नवा सोलेनॉइड बसवताना वायरी उलट करू नका, नाहीतर डायोडच शॉर्ट करतो.

आणि हे सगळं साध्या सर्किटसाठी. ब्रेक ईसीयू (गाडीचा इलेक्ट्रॉनिक कंट्रोलर) चालवत असेल तर वायरी जोडून बघणं आणि फिलामेंटचा टेस्ट लॅम्प, दोन्ही बंद. आधी स्कॅनरने दोषाचा कोड वाचा. एबीएसचा (ब्रेक लावताना चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) दिवा पेटलेला असेल तर सुरुवात तिथूनच करा, कारण अनेक गाड्यांत एबीएस एक्झॉस्ट ब्रेक सोडवू शकतो.