आईला 'आयुष्य' विचारू नका, चूल कुठे होती ते विचारा

ताई, प्रश्न वाचला. आई एक्याऐंशी वर्षांच्या, माहेर आणि सासर दोन्ही पाटण तालुक्यात, लग्नानंतरची बरीच वर्षं गावी आणि मग लालबाग. वडील गिरणीत. नातवंडांसाठी त्यांच्या आठवणी लिहून ठेवायच्या आहेत, पण विषय काढला की त्या म्हणतात, "माझ्या आयुष्यात काय हाय लिव्हण्यासारखं?" तुम्ही प्रश्नांची यादी मागितली आहे, एखादं ॲप सुचवा म्हणालात, आणि जमिनीवरून चुलत्यांशी झालेल्या भांडणाचं काय करायचं असंही विचारलंत. शिवाय अमेरिकेतल्या नातीला मराठी वाचता येत नाही.

साताऱ्यात माझं डीटीपीचं आणि छोट्या छपाईचं दुकान होतं, आता मुलगा बघतो. पंच्याहत्तरीच्या पुस्तिका, वर्षश्राद्धाला वाटायच्या स्मरणिका, कुलवृत्तान्त असं बरंच काही माझ्या हाताखालून गेलंय. त्यातलं काय घरात वाचलं जातं आणि काय गठ्ठ्यासकट माळ्यावर जातं, याचा थोडाफार अंदाज आहे. माळ्यावर जाणाऱ्यांची सुरुवात बहुधा एकच असते: 'शिस्तप्रिय, मितभाषी, परंतु अंतःकरणाने अत्यंत प्रेमळ.' पुढे जन्म, शिक्षण, नोकरी, बढती, निवृत्ती, चारधाम. नाव बदललं की तेच पान शेजारच्या आजोबांनाही चालतं.

म्हणून यादी नको. "तुझं बालपण कसं होतं गं?" याला उत्तर येणार, "बरं होतं की." झाली मुलाखत. कष्टात दिवस काढलेल्या बाईला आपलं आयुष्य सांगण्याजोगं आहे असं कुणी कधी म्हटलेलंच नसतं. पण कामाचं विचारा, बघा कशा ठसक्यात बोलतील. भाकरी किती जणांच्या, पाणी कुठून, शेणी कुठे थापायच्या, पहाटे पहिलं कोण उठायचं, जात्यावर जोडीला कोण बसायचं. यातलं काहीच त्यांना 'आयुष्य' वाटत नाही, म्हणून त्या मोकळेपणाने सांगतात.

माझी आत्याही अशीच, "मला काय इचारतोस" म्हणणारी. ती तांदूळ निवडत बसली होती. मी एवढंच विचारलं, की तुमच्या जुन्या घरात चूल कुठल्या अंगाला होती? तिने सुपातले तांदूळ बोटाने सारून रेघा केल्या. ही ओटी, हे माजघर, हितं चूल, तिच्या पाठीमागं उखळ, हा गोठा. माजघराच्या एका कोपऱ्यापाशी बोट थांबलं. तिथे काय, म्हटलं तर म्हणाली, "बाळंतिणीची बाज." आणि मग दोन मुलग्यांच्या आधी झालेल्या मुलीचं सगळं सांगितलं. बारशालासुद्धा राहिली नव्हती ती. या मुलीबद्दल आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं, तिच्या मुलग्यांनाही नाही. आमच्या कुलवृत्तान्तात आत्याच्या नावापुढे 'दोन पुत्र' एवढीच नोंद आहे, आणि तो मीच जुळवला होता. सांगून झाल्यावर आत्या गोठ्यातल्या म्हशीवर गेली आणि म्हशीवर अर्धा तास बोलली. तेही सगळं मी लिहून घेतलं.

कागदांवर बाईचं असंच होतं. त्र्यंबकेश्वर-नाशिकला तीर्थोपाध्यायांच्या नामावळीत पिढ्या सापडतात, आपल्या दक्षिण भागात हेळवी येऊन वंशावळ वाचतात. त्या जरूर बघा. पण तिथे बापाचा मुलगा, त्याचा मुलगा असंच चालतं. तुमच्या आजीचं माहेरचं नाव काय, लग्नात नाव बदललं का, ते कुणी ठेवलं, हे आज फक्त तुमच्या आईला माहीत आहे. पहिल्या बैठकीत तेवढं विचारून घ्याच.

आता साल. आई '1967' म्हणणार नाहीत, 'भूकंपाच्या आधी', 'भूकंपाच्या मागं' म्हणतील. तसंच लिहून घ्या, आकडा नंतर तुम्ही घाला. कोयनेचा भूकंप 11 डिसेंबर 1967 चा, पहाटे सव्वाचारच्या सुमारास. पाटण तालुक्यातल्या त्या वयाच्या माणसाला तो घड्याळासारखा लागू आहे. धाकट्याला पाजत होत्या की तो रांगत होता, घराची कुठली भिंत गेली, थंडीत बाहेर किती रात्री काढल्या, कुणाच्या खळ्यात. हादरा मुंबईतही जाणवला होता, म्हणजे वडील तिथे जागे झाले असणार. घरची खुशाली त्यांना कशी कळली? पत्र, तार, की गावचं कुणी पोचलं? या एका प्रश्नावर एक अख्खं प्रकरण होईल.

दुसरी खूण मुंबईच्या गिरणी संपाची. 18 जानेवारी 1982 पासून पुढे. हा संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही, त्यामुळे कधी संपला हे विचारण्यात अर्थ नाही. 'आपल्या घरापुरता कधी संपला' असं विचारा. उत्तर घरागणिक वेगळं मिळतं: कुणी गावी परतून शेतीला लागला, कुणी दुसरीकडे वॉचमन झाला, कुठे बायकोने भाजीची पाटी घेतली. आईंनी खाणावळ चालवली असेल तर किती जण जेवायला होते, पैसे महिन्याचे की हप्त्याचे, संपात ज्यांचे थकले त्यांना जेवायला वाढत राहिल्या का, हे विचारा. वडील कुठल्या खात्यात होते, साच्यावर (मागावर) की कांडी भरण्यावर, बदली कामगार होते की कायम, कुठली पाळी. गावकीची, म्हणजे गावच्या माणसांनी मिळून घेतलेली, खोली कुठे होती, एका खोलीत किती ट्रंका. घरी गिरणीचा पास, पगाराची चिठ्ठी असं काही असेल तर त्याचा फोटो पुस्तकात टाका.

पैशांचे आकडेही सांभाळून घ्या. नवे पैसे 1 एप्रिल 1957 ला आले. त्याआधीचा रुपया सोळा आण्यांचा, चौसष्ट पैशांचा. शेर-पायली-मण तर गावाकडे त्यानंतरही किती वर्षं चालले. "चार आण्याला" म्हणाल्या तर त्याचे पंचवीस पैसे करू नका, तसंच राहू द्या.

कागदावरच्या जन्मतारखेवर विसंबू नका. दाखल्यावर 1 जून असेल तर ती बहुधा गुरुजींनी शाळेत घालताना दिलेली असते. आपल्याकडे निम्मा महाराष्ट्र 1 जूनला जन्मलाय. खरी तारीख हवी असेल तर गाव नमुना 14, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूच्या वहीत (कोतवाल बुकात), नोंद असू शकते. तहसीलला अर्ज करून नक्कल मागता येते. नाही मिळाली तर 'भाताच्या लावणीच्या वेळची' हे तारखेपेक्षा चांगलंच वाचतं.

ॲपचं थोडक्यात सांगतो. फोनमधला साधा रेकॉर्डर पुरे. पंखा बंद, टीव्ही बंद, कुकर लावायचा नाही, आणि फोन आईंच्या बाजूला ठेवायचा, तुमच्या नाही. पाऊण तासावर बसू नका. फाइलला लगेच तारीख आणि विषयाचं नाव द्या, नाहीतर 'रेकॉर्डिंग 17' मध्ये काय आहे ते पुन्हा ऐकूनच कळतं. प्रत दोन ठिकाणी. उतरवून काढणं हे खरं काम आहे, एका तासाला चार-पाच तास सहज जातात. फोनचं ऐकून मराठी टाइप करणं आईंच्या बोलीला दाद देत नाही, 'व्हतं'चं भलतंच काहीतरी करतं. त्यावर माझी युक्ती अशी: कानाला इअरफोन लावून एक-एक वाक्य ऐकायचं आणि आपण स्वच्छ आवाजात फोनला परत सांगायचं. तो नीट टाइप करतो, बोलीतले शब्द मग हाताने घालायचे.

बोली पुसू नका, हे मात्र हट्टाने सांगतो. 'आमी', 'न्हाय', 'व्हतं' काढून शाळेच्या पुस्तकातलं मराठी घातलं की आई त्यातून उठून जातात. मधला मजकूर तुमच्या भाषेत लिहा आणि त्यांचं बोलणं अवतरणात त्यांच्याच तोंडचं ठेवा. सगळंच 'मी'मध्ये, जणू त्यांनीच लिहिलंय असं, नका करू. दोन आवाज वेगळे राहिले की नातवंडांनाही कळतं कोण बोलतंय. जात्यावरच्या ओव्या येत असतील तर आधी त्या रेकॉर्ड करा, चालीसकट. पुण्यात हेमा राईरकर आणि गी पॉतवाँ यांनी गावोगावच्या बायकांच्या लाखभर ओव्या गोळा केल्या. तुमच्या आईंच्या त्यात नसतील.

आता छपाईआधीची गोष्ट, आणि ही माझ्या दुकानातल्या अनुभवाची आहे. थेट पुस्तक छापू नका. आधी मजकुराच्या चार-पाच स्पायरल प्रती काढा, डावीकडच्या पानावर मजकूर आणि उजवं पान कोरं. एक मावशीकडे, एक आत्याकडे, एक गावी, एक आईंच्या जुन्या शेजारणीकडे. सोबत पेन द्या. लोक सांगायला लाजतात, पण दुसऱ्याचं चुकलेलं दुरुस्त करायला कुणी लाजत नाही. कोरी पानं भरून येतात: 'म्हैस नव्हे, रेडी', 'हे लग्न मे महिन्यात नाही, माझा हात मोडला होता तेव्हा'. दोघांच्या आठवणी जुळल्या नाहीत तर दोन्ही छापा. कुणाचं खरं हे ठरवायला तुम्ही कोर्ट नाही. आईंना मात्र मजकूर मोठ्याने वाचून दाखवायचा. "मी असं न्हाय म्हणले" म्हणतील आणि पुढे अजून दोन गोष्टी सांगतील. त्या वेळीही रेकॉर्डर चालू असू द्या.

छापताना डिजिटलवर पन्नास प्रतीही होतात. टाइप मोठा घ्या, वाचणारे निम्मे साठीपुढचे असणार. शिलाईची बांधणी मागा, नुसत्या गोंदावरच्या पुस्तकाची पानं सुटतात. आणि फाइल युनिकोडमध्ये करून घ्या. जुन्या फॉन्टमधल्या फायली घेऊन लोक आजही आमच्या दुकानात येतात, उघडल्या की पडद्यावर नुसता चिखल. अल्बममधले फोटो चिकट प्लॅस्टिकखालून ओढून काढू नका, शक्यतो जागच्या जागी खिडकीच्या उजेडात मोबाइलने टिपा. कोण कोण आहे ते विचारताना कडेला अर्धवट आलेल्या माणसापासून सुरुवात करा.

चुलत्यांचं. एकाच बांधाच्या दोन्ही बाजूंची पुस्तकं मी छापली आहेत. दोन्हींत लेखकाच्याच वडिलांवर अन्याय झालेला, दोन्हींत समोरचा लबाड. आईंना बोलायचं असेल तर सगळं बोलू द्या, रेकॉर्डही करा, "हे बंद कर" म्हणाल्या की त्याच क्षणी बंद करा. छापील प्रतीत मात्र हयात माणसांवर आरोप नकोत. वाटणी कुठल्या साली झाली आणि त्यानंतर दोन घरांत जाणं-येणं थांबलं, एवढं पुरे. सातबारा आणि फेरफाराच्या नकला घरच्या फाइलीत ठेवा, ज्याला बघायचं तो बघेल. बाकीचं रेकॉर्डिंग कुणाला आणि कधी ऐकवायचं हे आईंनाच विचारून लिहून ठेवा.

पण भांडण गाळताना सगळंच गोडगोड करू नका. विहिरीवर कोण कुठून पाणी भरायचं, कुणाचा कप वेगळा असायचा, तुमचं घर त्यात कुठल्या बाजूला होतं, हेही येऊ द्या. दारू, कर्ज, शाळेतून काढलेली मुलगी, हेसुद्धा. आईंच्या हयातीत विचारता येतंय तोवर विचारा.

अमेरिकेतल्या नातीसाठी रोमन लिपीतलं मराठी करायला जाऊ नका, ते ना तिला वाचवेल ना तुम्हाला. तीन-चार मिनिटांचे आवाजाचे तुकडे काढा आणि प्रत्येकाबरोबर चार ओळी इंग्रजीत द्या. त्याहून बरं म्हणजे व्हिडिओ कॉलवर तिलाच विचारू द्या. मुलीला "जाऊ दे गं" म्हणून टाळणाऱ्या आज्या नातीला सगळं सांगतात, आणि नाती विचारतातही बेधडक: आजोबा तुला आवडायचे का, मारायचे का. हे तुम्हाला विचारवणार नाही.

गावच्या घरी ट्रंकेत जुने कागद असतील तर तेही बघून घ्या. मोडी लिपी निघाली तर घाबरू नका, राज्याच्या पुराभिलेखागारातर्फे मोडीचे वर्ग होतात, शिकलेली तरुण मुलं सापडतात. कागद सपाट करून, उजेडात, बरोबर वरून फोटो काढून इथे टाका, वाचणारे एक-दोघं आपल्यातही आहेत. घडीवर फाटलं असेल तरी चिकटपट्टी तेवढी लावू नका.