आरसीटी (रूट कॅनाल) मशीनच्या फाईलने केलं आणि चौथ्या दिवशीही दाढ दुखते. दुसरी फाईल वापरली असती तर दुखलं नसतं का?

तुम्ही लिहिलंय की मित्राचं आरसीटी दुसऱ्या कंपनीच्या फाईलने (दाताच्या मुळातली बारीक नळी, म्हणजे कॅनाल, घासून साफ करणारी सुईसारखी कानस) झालं, त्याला अजिबात दुखलं नाही, आणि तुमच्या डॉक्टरांनी स्वस्तातली फाईल वापरली असावी अशी तुम्हाला शंका आहे. मी कराडला चोवीस वर्षं दातांची डॉक्टर आहे. हा प्रश्न माझ्या समोर एकदा आरोप म्हणून आला होता, म्हणून जरा लांबण लावून लिहिते.

जून २०१४ ची गोष्ट. माझी आत्या तेव्हा बासष्ट वर्षांची होती. खालची डावी पहिली दाढ आठ दिवस ठणकत होती. लवंग, तुरटी, शेजारणीने दिलेल्या गोळ्या, सगळं करून झाल्यावर ती कोरेगावहून माझ्याकडे आली. दाढेवर नुसतं टिचकीने वाजवलं तरी तिच्या डोळ्यांत पाणी यायचं. मी तेव्हा नुकतीच एक नवी फाईल घेतली होती, एकाच फाईलमध्ये पूर्ण कॅनाल साफ करणारी. ती सलग फिरत नाही, एका दिशेला जास्त आणि उलट दिशेला थोडी अशी मागेपुढे फिरते. तासाभरात मी काम संपवलं, एकाच सिटिंगमध्ये. एक्स-रे इतका सुरेख आला की मी तो आमच्या सरांना दाखवला. त्यांच्याच क्लिनिकमध्ये मी दुपारच्या वेळात बसत असे.

रात्री साडेअकराला आतेभावाचा फोन आला. "ताई, आई भिंतीला डोकं टेकून बसली आहे, तिला आडवं होता येत नाही." सकाळी साडेआठला ती माझ्या खुर्चीत होती. सर आत आले, एक्स-रे पाहिला आणि तिच्यासमोरच मला म्हणाले, "मशीनने सगळी घाण मुळाच्या टोकाबाहेर ढकललीस. हाताने केलं असतंस तर बोटांना कळलं असतं. मशीनला काय कळतं?" आत्याने माझ्याकडे पाहिलं. ती नजर मी अजून विसरले नाही.

मी आधी निळा कागद घेतला, दाढांमध्ये ठेवला आणि तिला चावायला सांगितलं. वरच्या तात्पुरत्या सिमेंटवर मागच्या बाजूला गडद ठिपका उमटला. म्हणजे तोंड मिटलं की सगळा भार आधी त्या एकाच जागी पडत होता. मुळाच्या टोकाभोवतीचा भाग आधीच सुजलेला, त्यावर रात्रभर हा मार. तेवढा भाग घासून कमी केला. अर्ध्या तासात ती दात एकमेकांवर टेकवू शकली, संध्याकाळपर्यंत ठणका निम्म्यावर आला.

पण तेवढंच नव्हतं. एक्स-रे पुन्हा नीट पाहिला तेव्हा पुढच्या मुळात भरलेला मसाला टोकाच्या किंचित बाहेर गेलेला दिसला. ते मूळ वाकडं असतं. फाईलने वरचा भाग मोकळा केला की वाट सरळ होते, आणि सरळ वाट वाकड्या वाटेपेक्षा थोडी कमी लांबीची भरते. मी लांबी सुरुवातीला मोजली होती, वाट मोकळी झाल्यावर पुन्हा मोजली नव्हती. चूक माझी होती. फाईल मी सांगितलं तिथपर्यंतच गेली.

सरांचं म्हणणं मात्र मला आजही मान्य नाही. हाताने वरखाली घासताना फाईल पिचकारीच्या दट्ट्यासारखी चालते आणि घासून निघालेला चुरा खाली टोकाकडे ढकलते. फिरणारी फाईल बराचसा चुरा आपल्या पेचांमधून वर काढते. प्रयोगशाळेत काढलेल्या दातांवर मोजमाप केलं तेव्हा बहुतेक वेळा हाताच्या पद्धतीतच जास्त चुरा बाहेर गेलेला दिसला. चुरा अजिबात बाहेर जात नाही अशी पद्धत अजून कुणाला सापडलेली नाही. बोटांना कळतं हे खरं आहे, मीही अजून पहिली, दहा नंबरची बारीक फाईल हातानेच घालते. पण स्टीलची जाड फाईल वाकड्या मुळात स्वतःची सरळ वाट कोरू पाहते. १९८८ मध्ये निकेल-टायटॅनियमच्या पहिल्या फाईली करून पाहिल्या गेल्या, त्याही दात सरळ करायच्या तारेपासून. तो धातू मुळाबरोबर वाकतो. म्हणून तर त्या मशीनवर लावता येतात.

आता तुमचा प्रश्न. सलग फिरणारी प्रोटेपर आणि मागेपुढे फिरणाऱ्या वेव्हवन, रेसिप्रॉक या फाईलींची तुलना बऱ्याच जणांनी केली आहे, शून्य ते दहाच्या मापावर रुग्णांना दुखणं विचारून. काहींना एकीत जास्त दुखणं आढळलं, काहींना दुसरीत, काहींना फरकच नाही. फरक सापडला तोही बहुधा पहिल्या एक-दोन दिवसांचा, आठवड्यानंतर सगळे जवळपास सारखे. कंपनीचा माणूस "मॅडम, हिच्याने दुखतच नाही" म्हणत आला की मी त्याला बसायलाही सांगत नाही. आणि "एका सिटिंगमध्ये वेदनारहित आरसीटी" असे बोर्ड लावणाऱ्यांनी ते काढावेत.

त्या जूनपासून मी वही ठेवते. काम सुरू करण्याआधी दुखणं किती, दुसऱ्या दिवशी सकाळी फोन करून किती. ज्यांना आधी ठणकत होतं, त्यांनाच नंतर जास्त दुखतं, हे पानापानावर दिसतं. तुमच्या मित्राची दाढ आधी दुखत होती का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. फाईलच्या नावापेक्षा मला ते कळायला हवं होतं.

चौथ्या दिवशी चावताना दुखणं चालतं, जर ते रोज थोडं कमी होत असेल. तसं नसेल तर डॉक्टरांकडे परत जा. फाईल कोणती होती हे विचारू नका. "निळ्या कागदाने चावा तपासता का?" एवढं विचारा. लांबी दुसऱ्यांदा मोजली होती का, हेही विचारलंत तरी हरकत नाही, चांगला डॉक्टर रागावणार नाही. कॅप बसेपर्यंत त्या बाजूने कडक खाऊ नका. मेडिकलमधून स्वतःच्या मनाने अँटिबायोटिक घेऊ नका, या दुखण्यावर त्याचा उपयोग नाही. आयब्युप्रोफेनचा होतो, पण अल्सर, किडनी, दमा किंवा रक्त पातळ करणारी गोळी यांपैकी काही असेल तर आधी विचारा.

सरांना मी हे सगळं तोंडावर सांगू शकले नाही. आत्याला दोन दिवसांनी सांगितलं, बाहेर गेलेल्या मसाल्यासकट. ती म्हणाली, "मग त्या दिवशी त्यांच्यासमोर का नाही बोललीस?" तिची ती दाढ अजून तोंडात आहे.

एक राहिलं, आणि ते आधी लिहायला हवं होतं. गाल सुजला, ताप आला, गिळायला त्रास झाला किंवा तोंड उघडेनासं झालं, तर वर लिहिलेलं सगळं बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा, रात्र असली तरी.