टोरांटोच्या एल्गिन आणि विंटर गार्डन थिएटरचा इतिहास काय आहे?

यंग स्ट्रीटवर एकावर एक बांधलेली ही दोन थिएटरं आहेत, थिएटरांची साखळी चालवणाऱ्या मार्कस लोने १९१३-१४ मध्ये व्होडव्हिलसाठी उघडलेली, म्हणजे गाणी, जादू, कसरती, विनोद सगळं एकाच तिकिटात. आर्किटेक्ट थॉमस लँब. वरचं विंटर गार्डन तर कमालच आहे, छताला बीच (beech) नावाच्या झाडाच्या खऱ्या फांद्या टांगल्यात! पण सिनेमा आला, व्होडव्हिल संपलं आणि १९२८ला वरचं बंद पडलं ते जवळपास साठ वर्षं तसंच, जुने पडदे-सीनरीसकट, खाली मात्र पिक्चर चालू. १९८१ला ओंटारियो हेरिटेज फाउंडेशनने (प्रांताचा वारसा जपणारी सरकारी संस्था) इमारत घेतली आणि मग ती पूर्ववत केली. भिंतींवरची चित्रं वॉटरकलरची, पाणी लावलं तर रंगच जाणार, म्हणून चक्क कच्च्या ब्रेडच्या कणकेने पुसल्या, केवढा तो पेशन्स! १९८९ला दोन्ही पुन्हा सुरू झाली. गेलात तर वरचं नक्की बघाच.