पायपिंगला कोणता फूट? वाचकांचे प्रश्न

प्रश्न: उशीच्या अभ्र्याला मशीनवर दोरीची पायपिंग (आत दोरी घातलेली कापडी कड) लावते. टीप दोरीपासून लांब पडते आणि अभ्रा उलटवला की पायपिंग शिवतानाची आधीची टीप बाहेर दिसते. मशीनचा फूट, म्हणजे सुईखाली कापड दाबून धरणारा भाग, पायपिंगचा वेगळा घ्यावा, की झिप लावायच्या फुटावर भागेल?

उत्तर: झिप फुटावर भागतं. नेहमीचा सपाट फूट दोरीवर चढला की एका बाजूने उचलला जातो, कापड पुढे सरकवणाऱ्या खालच्या दातऱ्यांवर ते नीट दाबलं जात नाही आणि टीप लांब जाते. झिप फूट अरुंद असल्याने दोरीला खेटून चालतो. फक्त सरळ टीप मारणाऱ्या मशीनवर सुई बाजूला सरकत नाही, म्हणून स्क्रूने डावी-उजवीकडे सरकवता येणारा फूट घ्या.

बरेच मीटर पायपिंग करायची असेल तर मात्र पायपिंग फूटच घ्यावा. त्याच्या तळाच्या खाचेत दोरी बसते आणि टीप सरळ जाते. खाच मोठी असली तर दोरी आत डुलते. लहान असली तर दोरी अडते आणि टाके एका जागी गोळा होतात. माप दोरीवर कापड गुंडाळून घ्या. 3 मिमी दोरीवर अर्धा मिमी जाडीचं कापड गुंडाळलं की 4 मिमी होतात.

आधीची टीप दिसते, कारण ती दोरीला फार खेटून मारलेली असते. पायपिंग तयार करताना दोरीपासून 1 मिमी सोडून, 3 मिमीच्या टाक्याने टीप मारा. अभ्र्याला जोडताना ती टीप वरच्या बाजूला दिसत राहील असं कापड धरा आणि शेवटची टीप तिच्या व दोरीच्या मधून, 2.5 मिमीच्या टाक्याने न्या. पायपिंगची पट्टी उरेबच, म्हणजे कापडाच्या तिरक्या दिशेनेच कापा. 3 मिमी दोरी आणि दोन्हीकडे 12 मिमी माया (टिपेबाहेर सोडलेलं कापड) धरली तर 35 मिमी रुंदी पुरते. पायपिंग ओढून लावू नका, कडेला चुण्या पडतात. कोपऱ्यावर फक्त पायपिंगच्या मायेला तीन काप द्या, टिपेच्या अलीकडे 2 मिमी थांबून. मग सुई कापडात ठेवून फूट उचला आणि वळवा.

प्रश्न: मोत्यांची माळ कडेला मशीनने लावता येईल का?

उत्तर: झिगझॅग असेल तरच. पर्ल फुटाच्या खोल खाचेतून माळ सरकते आणि टाका मोत्यावरून पलीकडे पडतो. झिगझॅगची रुंदी मोत्याहून थोडी जास्त, टाक्याची लांबी एका मोत्याएवढी ठेवा. वरचा दोरा पारदर्शक नायलॉनचा घ्या. मोती मशीनच्या सर्वांत रुंद झिगझॅगहून मोठा असेल, तर हातानेच टाचा.

प्रश्न: नवा फूट दांडीला बसत नाही. असं का?

उत्तर: बहुधा शँकची, म्हणजे फूट स्क्रूने दांडीला जोडतो त्या भागाची, उंची वेगळी आहे. जुना फूट खाली टेकवून सुईपट्टीपासून (सुई जिच्या भोकातून खाली जाते ती पट्टी) स्क्रूच्या मध्यापर्यंत मोजा. साधारण 12 मिमी भरले तर लो शँक, 25 मिमी भरले तर हाय शँक. नवा फूट बसवल्यावर मोटर किंवा पायटा चालवण्याआधी चाक हाताने पूर्ण एक फेरा फिरवा. झिगझॅग असेल तर दोन, म्हणजे सुई दोन्ही बाजूंना उतरते. कुठेही फुटाला टेकली, तर फूट किंवा सुईची जागा सरकवूनच पुढे जा.