हंपी एका दिवसात पाहून होते का?

धावतपळत होते, पण मग पाय तेवढे दुखतात आणि लक्षात काही राहत नाही. दोन दिवस तरी ठेवाच. मुक्काम होस्पेटला केलात तर हंपी तिथून जेमतेम १३ किमी.

पहिली सकाळ विठ्ठल मंदिराला द्या. दगडी रथ उन्हं चढायच्या आत पाहा. पंढरीचा विठोबा कृष्णदेवरायाने इथे आणला आणि संत भानुदासांनी (एकनाथांचे पणजोबा) तो परत नेला, अशी आपल्याकडची कथा. त्यामुळे इथला रिकामा गाभारा बघताना मराठी माणूस जरा थबकतोच. हंपीतल्याच विरूपाक्ष (शिव) मंदिरात पूजा मात्र आजही चालू आहे.

हंपी म्हणजे विजयनगर साम्राज्याची राजधानी. दख्खनच्या सुलतानांशी झालेल्या १५६५ च्या तालिकोट लढाईनंतर हे शहर लुटलं गेलं, तरी पायऱ्यांची पुष्करणी आणि कमळ महाल शिल्लक आहेत. दुसरा दिवस तिकडे, संध्याकाळी मातंग टेकडी. एप्रिल-मेमध्ये मात्र जाऊ नका, दगड अक्षरशः भाजतात.