शिल्लक रजा ३१ डिसेंबरला बुडते का?

तुम्ही विचारलंय की बाणेरच्या एका खासगी कंपनीत दोन वर्षं काम करताय, आणि एचआर सांगतं, "वर्ष संपलं की उरलेल्या सगळ्या रजा लॅप्स, नोकरी सोडली तरी पैसे मिळणार नाहीत." हे कायद्यात बसतं का?

सगळ्या रजांना हा नियम लावता येत नाही. मी पुण्यातल्या छोट्या-मोठ्या ऑफिसांची हजेरी आणि पगारपत्रकं पाहतो. डिसेंबर आला की हाच प्रश्न घेऊन माणसं येतात आणि बहुतेकांनी तोवर हक्काची रजा सोडून दिलेली असते. याचं मला फार वाईट वाटतं.

आपल्याकडे यासाठी महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ आहे. भिंतीवर ज्याचा कागद टांगलेला असतो तो 'शॉप अ‍ॅक्ट' हाच. आयटी कंपन्यांनाही तो लागतो. त्यात वर्षाला आठ सीएल, म्हणजे किरकोळ रजा आहेत, त्या तिमाहीच्या हिशोबाने जमा होतात आणि वर्षअखेर खरोखरच बुडतात. एचआरचं म्हणणं इथपर्यंत बरोबर.

पण पीएल, म्हणजे अर्जित रजा, वेगळी. एका कॅलेंडर वर्षात २४० दिवस काम भरलं की पुढच्या वर्षी दर २० दिवसांमागे एक दिवस भरपगारी रजा मिळते. २८० दिवस भरले असतील तर १४ दिवस. ही रजा ४५ दिवसांपर्यंत साठवता येते, ३१ डिसेंबरला ती शून्य करता येत नाही. पाच दिवसांचा आठवडा असेल तर मात्र सावध राहा. वर्षाचे साधारण २६० कामाचे दिवस, त्यातून सणांच्या सुट्ट्या आणि सीएल गेल्या की २४० ची रेघ अगदी जवळ येते. 'तुमचे दिवस भरत नाहीत' असं कोणी म्हणालं तर तोंडी ऐकून घेऊ नका, हजेरीपत्रक मागा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. रजेचा अर्ज पंधरा दिवस आधी आणि लेखी करा. साहेबाने "सध्या रिलीज आहे, नंतर बघू" म्हटलं तर तेही मेलवर येऊ द्या. ४५ च्या वर गेलेली रजा अशी मागून नाकारली गेली तर तिचे पैसे मागण्याचा हक्क मिळतो. नोकरी सोडतानाही तेच: रजा मागितली, नाकारली आणि मग तुम्ही बाहेर पडलात, किंवा रजा मिळण्याआधी कंपनीनेच काढलं, तर त्या अर्जित रजेचे पैसे फुल अँड फायनलमध्ये, म्हणजे नोकरी सुटतानाच्या शेवटच्या हिशोबात, यायला हवेत. कधी अर्जच केला नसेल तर तुमची बाजू कमकुवत होते. मग नेमणूकपत्रात आणि कंपनीच्या धोरणात काय लिहिलंय त्यावर सगळं अवलंबून. म्हणून राजीनाम्याचा विचार असेल तर आधी रजेचा अर्ज टाका.

सणांच्या भरपगारी सुट्ट्या आठ. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर ठरलेल्या. उरलेल्या चार मालक आणि कर्मचाऱ्यांनी वर्ष सुरू होण्याआधी मिळून ठरवायच्या. मुख्यालय परराज्यात असेल तर यादी तिकडून येते आणि तीत १ मे नसतो, हे मी पाहिलंय. तो द्यावाच लागतो. अनंत चतुर्दशी हवी असेल तर मागणी डिसेंबरातच करा. पेठांमध्ये राहणाऱ्याला त्या दिवशी मिरवणुकीतून वाट काढून ऑफिसला पोहोचणं किती कठीण, ते इथल्या कोणालाही समजावून सांगावं लागत नाही.

हे सगळं तुम्हाला लागू आहे का, ते दोन गोष्टींवर ठरेल. कायदा आला तेव्हा दहा किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनांसाठी होता. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ही मर्यादा वीसवर न्यायला मंजुरी दिली, तेव्हा आधी डोकी मोजा. दुसरं, व्यवस्थापकीय आणि पर्यवेक्षकीय पदं यात येत नाहीत. कार्डावर 'टीम लीड' छापलंय म्हणून लगेच हार मानू नका, प्रत्यक्ष काम काय करता ते महत्त्वाचं. चाकण-भोसरीच्या कारखान्यांचे नियम वेगळे आहेत.

आजच एचआरला मेल करा: "माझी गेल्या वर्षीची कामाच्या दिवसांची संख्या आणि आजची अर्जित रजेची शिल्लक कृपया लेखी कळवावी." कायद्याचं नाव पहिल्याच मेलमध्ये घालू नका, बहुतेक वेळा आकडे मागितले की धोरण आपोआप तपासलं जातं. उत्तर आलंच नाही किंवा 'लॅप्स' असंच आलं, तर ती मेल आणि पगाराच्या पावत्या घेऊन पुण्यातल्या अपर कामगार आयुक्तांच्या कार्यालयात लेखी तक्रार देता येते.